दूरवरच्या अणुभट्टीतला अपघात आणि आपल्या हवेतलं आयोडिन: काळजी नेमकी कुठे करायची

प्रश्न असा आहे: हजारो किलोमीटरवरच्या अणुभट्टीत अपघात झाला, आठवड्याभरात आपल्या भागातल्या हवेच्या नमुन्यात आयोडिन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडिन, सापडल्याची बातमी आली. आता आयोडिनच्या गोळ्या घ्यायच्या का? पावसात भिजणं धोक्याचं आहे का? लहान मुलांना दूध द्यावं का? घरी किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर आणला तर काही कळेल का?

आधी थोडक्यात सांगतो. गोळ्या घेऊ नका. श्वासातून येणाऱ्या किरणोत्साराची चिंता सोडून द्या. पाऊस आणि दूध या दोन गोष्टींवर मात्र नजर ठेवा, कारण ‘लांब आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हा हिशोब चुकतो तो तिथेच. गायगर काउंटरने उत्तर मिळण्याऐवजी गोंधळ वाढण्याची शक्यता जास्त, पण तो नीट वापरायची एक पद्धत आहे, ती खाली देतो. आता सविस्तर, कारण आकड्यांशिवाय दिलेला दिलासा कुणाला पटत नाही, आणि पटूही नये.

‘सापडलं’ या शब्दापासून सुरुवात करू. अणुचाचणीबंदी करारासाठी जगभर उभारलेल्या केंद्रांमध्ये हवा तपासणारं यंत्र तासाला किमान ५०० घनमीटर हवा एका फिल्टरमधून ओढतं, तेही सलग २४ तास. म्हणजे एका फिल्टरवर १२,००० घनमीटर हवेतली धूळ जमते. प्रौढ माणूस दिवसाला साधारण २२ घनमीटर हवा घेतो, म्हणजे तेवढी हवा फुप्फुसातून जायला त्याला दीड वर्ष लागेल. मग तो फिल्टर आणखी २४ तास नुसता ठेवून देतात, म्हणजे नैसर्गिक रेडॉनपासून झालेली अल्पायुषी मूलद्रव्यं विझून जातात. त्यानंतर २४ तास अतिथंड जर्मेनियम डिटेक्टरसमोर मोजणी होते. आयोडिन-१३१ असेल तर ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर टोक उभं राहतं, सीझियम-१३७ असेल तर ६६२ वर. ही पद्धत घनमीटरमागे काही मायक्रोबेक्वेरेलपर्यंत खाली पाहू शकते. (सेकंदाला एक अणू फुटणं म्हणजे १ बेक्वेरेल; मिलि म्हणजे हजारावा भाग, मायक्रो म्हणजे दहा लाखावा.) १ मायक्रोबेक्वेरेल म्हणजे एक घनमीटर हवेत सरासरी साडेअकरा दिवसांतून एकदा एक अणू फुटतो. इतकं बारीक पाहणाऱ्या यंत्राला काही दिसलं नसतं तरच नवल होतं. तेव्हा ‘सापडलं का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. किती सापडलं, कुठलं समस्थानिक (म्हणजे मूलद्रव्याचा नेमका कुठला प्रकार, जसं आयोडिन-१३१), आणि ते शरीरात कोणत्या वाटेने शिरू शकतं, एवढे तीन प्रश्न विचारायचे.

२०११ च्या फुकुशिमा अपघाताचे आकडे इथे उपयोगी पडतात, कारण तेव्हा उत्तर गोलार्धात ठिकठिकाणी मोजणी झाली. भूकंप ११ मार्चला झाला. आठवड्याभरात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर किरणोत्साराचा माग पोचला, आणि दोनेक आठवड्यांत तो उत्तर गोलार्धभर पसरला होता. सगळ्यात आधी येतो झेनॉन-१३३ हा निष्क्रिय वायू. तो जमिनीवर बसत नाही, शरीरात साठत नाही, अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ) सव्वापाच दिवसांचं. त्यामागोमाग आयोडिन-१३१, अर्धायुष्य ८ दिवस. मग सीझियम-१३४ (२ वर्षं) आणि सीझियम-१३७ (३० वर्षं). स्ट्रॉन्शियम आणि प्लुटोनियम यांची सहजी वाफ होत नाही, त्यामुळे ते मुख्यतः भट्टीच्या आसपासच पडतात. पश्चिम अमेरिका आणि युरोपात हवेतल्या आयोडिन-१३१ चे सर्वोच्च आकडे घनमीटरमागे काही मिलिबेक्वेरेलच्या घरात होते.

आता हिशोब. कागद घ्या, हा तुम्हीच करून पाहा. हवेत घनमीटरमागे ५ मिलिबेक्वेरेल आयोडिन-१३१ आहे असं धरा. गुणिले दिवसाची २२ घनमीटर हवा, म्हणजे रोज ०.११ बेक्वेरेल. प्रत्यक्षात ही पातळी काही दिवसच टिकते, पण आपण जास्तीचं धरून सलग ३० दिवस मोजू: ३.३ बेक्वेरेल. आयोडिनची वाफ श्वासातून घेतली तर प्रौढाला दर बेक्वेरेलमागे सुमारे ०.०२ मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते (शरीराला किती किरणोत्सार मिळाला ते सिव्हर्टमध्ये मोजतात). गुणाकार केला की महिन्याची मात्रा येते ०.०६६ मायक्रोसिव्हर्ट. जगात माणसाला निसर्गातून, म्हणजे जमीन, अवकाश, अन्न आणि रेडॉन मिळून, सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला ६.६ मायक्रोसिव्हर्ट. थोडक्यात, महिनाभर ती हवा घेऊन जेवढं मिळालं तेवढं निसर्गातून पाव तासात मिळतं. वर्षाच्या बाळाचा श्वास कमी, पण थायरॉइड लहान, म्हणून दर बेक्वेरेलची मात्रा आठेक पट. दोन्ही जमेस धरून बाळाची महिन्याची मात्रा साधारण ०.१३ मायक्रोसिव्हर्ट निघते. म्हणजे अर्धा तास.

इथे एक खोच आहे, ती बातम्यांत सहसा सुटते. फिल्टर फक्त कणांना चिकटलेलं आयोडिन पकडतो. वायुरूप आयोडिन त्यातून आरपार जातं, ते पकडायला फिल्टरच्या मागे सक्रिय कोळशाची डबी लागते. २०११ मध्ये युरोपात जिथे दोन्ही मोजले गेले तिथे सुमारे तीन-चतुर्थांश आयोडिन वायुरूप होतं. म्हणून अहवालात आकडा दिसला की तो ‘फक्त कणांचा’ की ‘एकूण’ हे पाहा. फक्त कणांचा असेल तर चार-पाचने गुणा. वरच्या हिशोबात पाव तासाचा सव्वा तास होईल, निष्कर्ष बदलणार नाही. पण अपघात जवळचा असेल तर हाच गुणक फार मोलाचा ठरतो, आणि अर्धी माहिती देणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वासही इथेच उडतो.

एककांचा घोळ हे भीतीचं दुसरं मोठं कारण. अमेरिकी अहवाल पिकोक्युरीत असतात, बाकीचे बेक्वेरेलमध्ये. १ बेक्वेरेल म्हणजे २७ पिकोक्युरी, त्यामुळे तीच गोष्ट एका कागदावर २७ पट मोठी दिसते. त्यातून २०११ ला काय झालं ते पाहा. अमेरिकेत काही ठिकाणच्या पावसाच्या पाण्यात आयोडिन-१३१ सापडलं, मॅसॅच्युसेट्समध्ये लिटरमागे ७९ पिकोक्युरी, आणि एखाद्या ठिकाणी त्याच्या काही पट. पिण्याच्या पाण्यासाठी तिथली मर्यादा ३ पिकोक्युरी. ‘मर्यादेच्या २६ पट’ असे मथळे झाले. गणित चुकीचं नव्हतं, पण ती ३ ची मर्यादा रोज २ लिटर, आयुष्यभर म्हणजे ७० वर्षं तेच पाणी प्यायलं तर काय, या गृहीतकावर ठरवलेली आहे. आठ दिवसांत निम्मं होणारं मूलद्रव्य एका सरीतून आलं, तर आयुष्यभराच्या मापाशी त्याची तुलना लावणं गैर आहे. मर्यादा वाचताना ती किती काळासाठी आहे हे आधी शोधा.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. पाऊस.

ढगातून किंवा ढगाखालून जाणारे किरणोत्सारी कण पाऊस झाडूने गोळा केल्यासारखे खाली आणतो. कोरड्या हवेतून जे आठवड्याभरात पडलं असतं ते एका तासाच्या सरीत पडतं. म्हणून किरणोत्साराचा नकाशा वर्तुळांचा कधीच नसतो, तो ठिपक्यांचा असतो. चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिल १९८६ ला झाला. २८ तारखेला स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात कर्मचाऱ्यांच्या बुटांवर किरणोत्सार सापडला आणि सोव्हिएत संघाबाहेरच्या जगाला तेव्हा सुगावा लागला. त्याच सुमारास चेर्नोबिलपासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या येव्ले शहराच्या परिसरात पाऊस झाला आणि तो भाग स्वीडनमधल्या सर्वांत दूषित भागांपैकी एक ठरला. त्याहून लांब, वेल्स, कम्ब्रिया आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ कुरणांवर मे महिन्याच्या सुरुवातीला जोराच्या सरी पडल्या. तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर किलोमागे १,००० बेक्वेरेलची मर्यादा घालावी लागली, आणि शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. काही आठवड्यांत प्रश्न मिटेल असा तेव्हा अंदाज होता. तो चुकला, कारण चिकणमातीत सीझियम घट्ट अडकून बसतं हे ज्ञान सखल शेतजमिनींवरून आलेलं होतं. डोंगरावरच्या पाणथळ, कुजकट मातीत चिकणमाती नाही, त्यामुळे सीझियम वर्षानुवर्षं गवतात, गवतातून मेंढीत आणि लेंडीतून पुन्हा मातीत फिरत राहिलं. अंतर मोठं असूनही पाऊस, माती आणि चरणारं जनावर एकत्र आले की काय होतं याचं हे उदाहरण. ‘लांब आहे, काही होणार नाही’ असं मोघम सांगणाऱ्या कुणाही अधिकाऱ्याने हे आधी वाचायला हवं.

दुधाचं गणित याच वाटेने जातं. गवतावर बसलेलं आयोडिन गाय दिवसभर मोठ्या क्षेत्रावरून गोळा करते, आणि तिने रोज खाल्लेल्या आयोडिनपैकी साधारण अर्धा टक्का दर लिटर दुधात उतरतो. पाऊस पडल्यापासून तीनेक दिवसांत दुधातली पातळी शिखरावर जाते. गवतावरचं आयोडिन वाऱ्यापावसाने झडणं आणि स्वतःच क्षय होणं या दोन्हींमुळे साधारण पाच दिवसांनी निम्मं होतं, दूधही त्याच गतीने उतरतं. चेर्नोबिलनंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या दूषित भागांत मुलांना जे थायरॉइडचे कर्करोग झाले ते मुख्यतः या दुधामुळे. २००५ पर्यंत अशा ६,००० हून अधिक केसेस नोंदल्या गेल्या होत्या. तिथे गावांना वेळेवर सांगितलं गेलं नाही. ‘आठवडाभर हे दूध मुलांना देऊ नका’ एवढं एक वाक्य त्या घरांपर्यंत पोचलं असतं, तर त्यातली कितीतरी मुलं या आजारापासून वाचली असती. याची हळहळ या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही आजही वाटते.

उलट टोकाला २०११ मधलं वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचं दूध: लिटरमागे ०.८ पिकोक्युरी, म्हणजे ०.०३ बेक्वेरेल. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची, म्हणजे कोडेक्सची, आयोडिन-१३१ साठीची पातळी किलोमागे १०० बेक्वेरेल आहे, बाळांच्या अन्नासाठीही तेवढीच. फरक तीन हजार पटींहून जास्त. बाळ ते दूध रोज लिटरभर प्यायलं तरी दिवसाला ०.००५ मायक्रोसिव्हर्ट. त्या दुधाला हात न लावणं हे बाळाचं नुकसानच.

तर दुधाबाबत करायचं काय? मोजलेला आकडा पाहा. तो लिटरमागे १ बेक्वेरेलच्या खाली असेल तर काहीही बदलू नका. आकडा दहांच्या घरात चढत असेल आणि पाऊस सुरू असेल, तर जनावरं चरायला सोडणाऱ्यांनी त्यांना आठ-दहा दिवस गोठ्यात ठेवून अपघाताआधी कापून झाकलेला चारा द्यावा. याहून स्वस्त आणि परिणामकारक उपाय नाही. बाळांसाठी त्या काळात आधी बनलेली दूध पावडर वापरता येते. दूषित दूधही फेकायची गरज नसते: त्याची पावडर किंवा चीज करून ८० दिवस ठेवलं तर आयोडिन-१३१ हजारावा हिस्सा उरतो. (सीझियमला हा उपाय लागू नाही, ते वाट पाहून जात नाही.) आणि दूध किंवा पाणी उकळून काहीही साधत नाही. उष्णतेने जंतू मरतात, अणूचा क्षय त्याच्याच वेळेने होतो. उलट पाणी आटतं आणि जे आहे ते थोडं दाट होतं.

पावसाचं पाणी पिणाऱ्यांसाठी तेच. लिटरमागे १० बेक्वेरेल हे दूरच्या अपघातासाठी बरंच वरचं मूल्य आहे. बाळाने असं पाणी रोज १ लिटर, सलग आठवडाभर घेतलं तर साडेबारा मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दोन दिवसांची नैसर्गिक मात्रा. घाबरण्याजोगं नाही, पण टाळणं इतकं सोपं आहे की टाळावं: छपरावरून टाकीत येणारा पाइप पहिल्या दोन-तीन सरींपुरता काढून ठेवा. मोठ्या जलाशयाचं पाणी नेहमीसारखं वापरा, तिथे ती सर हजारो पटींनी विरळ होते. पावसात भिजलात तर अंग पुसा, कपडे नेहमीसारखे धुवा. पालेभाजी नेहमीसारखी वाहत्या पाण्याखाली धुवा. बस, इतकंच.

आता गोळ्या. पोटॅशियम आयोडाइड काय करतं ते समजलं की ती कधी घ्यायची हेही कळतं. ती किरणोत्सार अडवत नाही. ती साध्या आयोडिनने थायरॉइड ग्रंथी आधीच भरून टाकते, म्हणजे मागून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडिनला जागा राहत नाही. सीझियमवर किंवा इतर कशावरही तिचा परिणाम नाही. प्रौढाची मात्रा १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, महिन्यापासून ३ वर्षांपर्यंत ३२, नवजात बाळाला १६. किरणोत्सारी आयोडिनशी संपर्क येण्याआधीच्या २४ तासांत किंवा नंतरच्या २ तासांत ती घेतली तर पूर्ण उपयोग, ८ तासांपर्यंत काही प्रमाणात, आणि २४ तासांनंतर घेतली तर तोटाच जास्त, कारण ग्रंथीत शिरलेलं किरणोत्सारी आयोडिन तिथेच अडकून बसतं. १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडिन असतं. शरीराची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत साडेसहाशे दिवसांचं आयोडिन. थायरॉइडचा आजार असलेल्यांना, नवजात बाळांना आणि गर्भातल्या बाळाला याने ग्रंथी मंदावणं किंवा बिघडणं शक्य असतं, म्हणून ती विनाकारण घ्यायची नसते.

मुलं आणि गर्भवती यांना गोळी देण्याचा अमेरिकी निकष असा की थायरॉइडला मिळू शकणारी मात्रा ५० मिलिसिव्हर्ट किंवा अधिक असावी. वरच्या हिशोबातल्या बाळाच्या थायरॉइडला महिनाभर ती हवा घेऊन मिळतील सुमारे ३ मायक्रोसिव्हर्ट. निकषापेक्षा पंधरा हजार पटींहून कमी. १९८६ मध्ये पोलंडने एक कोटीहून अधिक मुलांना आयोडिन पाजलं, आणि ते योग्य होतं: पोलंड शेजारी होता, ढग डोक्यावर होता, सोव्हिएतांकडून माहिती मिळत नव्हती. दूरच्या देशाने त्याचं अनुकरण करण्याला आधार नाही. आणि घरगुती पर्याय तर अजिबात नको. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये आयोडिनयुक्त मिठासाठी झुंबड उडाली. मिठात किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडिन धरलं तर एका गोळीइतकं आयोडिन मिळवायला तीन किलोहून अधिक मीठ एका बैठकीत खावं लागेल. जखमेवर लावायचं आयोडिनचं द्रावण पिणं तर सरळसरळ विषबाधेला आमंत्रण आहे.

गायगर काउंटरकडे वळू. तो घेऊच नका असं मी म्हणणार नाही, पण तो काय दाखवतो ते समजून घ्या. घरगुती यंत्रातली नेहमीची नळी स्वच्छ जागी मिनिटाला २० च्या आसपास ठोके देते. किरणोत्सार स्वभावतःच अनियमित असतो, त्यामुळे एका मिनिटात ११ आणि पुढच्यात २९ येणं हे सामान्य आहे. फरक ओळखायचा तर किमान १० मिनिटं मोजा: २०० ठोके, चूक सुमारे ७ टक्के. पडद्यावर दिसणारा मायक्रोसिव्हर्टचा आकडा सीझियमच्या गामा किरणांवर बेतलेला असतो. बीटा किरण आत येऊ दिले तर तो आकडा निरर्थक होतो, तेव्हा फक्त ठोके मोजा.

आता एक तुलना. लिटरमागे १० बेक्वेरेल असलेला १० मिलिमीटर पाऊस पडला तर चौरस मीटरवर १०० बेक्वेरेल आयोडिन येतं. त्यामुळे जमिनीवरची गामा पातळी वाढते साधारण ०.०००१ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास. नैसर्गिक पातळी ०.१. म्हणजे हजारावा भाग, जो तुमच्या यंत्राच्या चुकीत बुडून जातो. मग पावसानंतर गाडीच्या काचेवरून टिपकागद फिरवला की ठोके दुप्पट-पाचपट का होतात? तो रेडॉन. जमिनीतून निघणाऱ्या रेडॉनपासून हवेत शिसं-२१४ (अर्धायुष्य २७ मिनिटं) आणि बिस्मथ-२१४ (२० मिनिटं) तयार होतात, आणि पाऊस तेही झाडून आणतो. हे कुठल्याही अपघाताविना, जगात सगळीकडे, पाऊस पडल्यावर होतं. २०११ नंतरच्या कितीतरी घाबरवणाऱ्या चित्रफितींमध्ये हेच दिसतं.

खात्री करायची पद्धत अशी. आधी त्याच टेबलावर १० मिनिटं मोकळी मोजणी करून आकडा लिहून ठेवा. पाऊस थांबल्याबरोबर कोरड्या टिपकागदाने चौरस मीटरभर गुळगुळीत पृष्ठभाग पुसा, कागदाची घट्ट घडी करा, पातळ प्लास्टिक पिशवीत घाला म्हणजे नळी खराब होणार नाही. नळीपासून सेंटिमीटरभर अंतरावर तो ठेवा आणि ते अंतर शेवटपर्यंत बदलू नका. लगेच, अर्ध्या तासाने, एका, दोन आणि चार तासांनी प्रत्येकी १० मिनिटं मोजा. मोकळा आकडा वजा करून आलेख काढा. अर्ध्या-पाऊण तासाने निम्मं आणि चार तासांत जवळपास शून्य होत असेल तर तो रेडॉन आहे, कागद टाकून द्या. थोडंसं शेपूट उरलं तर ते बहुधा थोरॉनच्या (रेडॉनच्याच दुसऱ्या प्रकाराच्या) साखळीतलं शिसं-२१२ असतं, अर्धायुष्य साडेदहा तासांचं. तीन दिवसांनीही मोकळ्या आकड्याच्या दुप्पट येत असेल तर पिशवीवर तारीख, वेळ, जागा लिहून गामा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख, काढणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. काउंटर ठोके मोजतो, नाव सांगत नाही. नाव फक्त वर्णपटातून कळतं.

नाव का महत्त्वाचं? २०१३-१४ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेजवळच्या किनाऱ्यावर काउंटर नेहमीच्या कित्येक पट वाजला आणि फुकुशिमाचं पाणी आल्याची हूल उठली. तपासणीत निघाली वाळूतली नैसर्गिक किरणोत्सारी खनिजं. त्या वर्षांत फुकुशिमाची खरी ओळख सीझियम-१३४ ने पटत असे: त्याचं अर्धायुष्य दोन वर्षांचं, म्हणून जुन्या अणुचाचण्यांचं किंवा चेर्नोबिलचं ते तेव्हा उरलेलं नव्हतं. नमुन्यात फक्त सीझियम-१३७ असेल तर तो बहुधा जुना वारसा असतो, उत्तर गोलार्धाच्या मातीत तो सर्वत्र थोडाथोडा मिळतो. २०१५ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या युक्लुलेटच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सीझियम-१३४ खरोखर सापडलं, घनमीटरमागे १.४ बेक्वेरेल. त्याच पाण्यात नैसर्गिक पोटॅशियम-४० असतं घनमीटरमागे सुमारे १२,००० बेक्वेरेल. २०१७ च्या शरद ऋतूत युरोपभर रुथेनियम-१०६ सापडलं तेव्हाही सोबत आयोडिन किंवा सीझियम नव्हतं, एवढ्यावरून तज्ज्ञांनी अणुभट्टीचा अपघात बाजूला काढला. आणि नकाशांबद्दल: २०११ मध्ये फिरलेला लाल-जांभळा ‘किरणोत्साराचा नकाशा’ हा अमेरिकी महासागर व वातावरण संस्थेने काढलेला त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा होता. नकाशावर एकक लिहिलेलं नसेल तर पुढे पाठवू नका.

यावर एक रास्त आक्षेप येतो: ‘किरणोत्साराची सुरक्षित मात्रा नसतेच, मग थोडंसुद्धा का चालवून घ्यायचं?’ संरक्षणाचे नियम खरंच या गृहीतकावर उभे आहेत की धोका मात्रेच्या प्रमाणात असतो आणि शून्यापर्यंत जातो. त्याच गृहीतकाने मोजू. १ सिव्हर्टला सुमारे ५ टक्के वाढीव धोका धरतात. ०.१ मायक्रोसिव्हर्टला तो येतो वीस कोटींत एक. हा धोका शून्य नाही, पण गावातून गावात राहायला गेलं तरी निसर्गाकडून याच्या हजारो पट फरक पडतो. हा इवलासा धोका कोट्यवधी लोकसंख्येने गुणून ‘इतके मृत्यू’ असे आकडे काढू नयेत, असं आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००७ च्या शिफारशींत स्पष्ट सांगितलं आहे.

भीतीची किंमत मात्र मोजता येते. चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये भीतीपोटी सुमारे २,५०० हव्या असलेल्या गर्भधारणा पाडल्या गेल्या, असा अंदाज १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. तिथली सरासरी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आसपास होती. गर्भात व्यंग येण्याची शक्यता १०० मिलिसिव्हर्टच्या खाली दिसत नाही. तुमच्या घरात कुणी गर्भवती असेल आणि बातमी ऐकून धास्तावली असेल तर तिला हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा, आजच.

शेवटी, माझा सल्ला कशाने बदलेल ते सांगतो. जमिनीपासून १ मीटर उंचीवर गामा पातळी नैसर्गिकपेक्षा तासाला १ मायक्रोसिव्हर्टने वाढली आणि टिकून राहिली, तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निकषाप्रमाणे स्थानिक पालेभाज्या, चरणाऱ्या जनावरांचं दूध आणि पावसाचं पाणी तपासणी होईपर्यंत थांबवायचं. दुधात आयोडिन-१३१ किलोमागे १०० बेक्वेरेलकडे किंवा अन्नात सीझियम १,००० कडे सरकू लागलं तरीही तेच. बातमीत हे आकडे नसतील तर तुमच्या देशाच्या किरणोत्सार नियामक संस्थेकडे चार गोष्टी लेखी मागा: समस्थानिकाचं नाव, एककासह आकडा, नमुना घेतल्याची तारीख (चाचणीची नव्हे, कारण मधल्या आठ दिवसांत आयोडिन निम्मं झालेलं असतं), आणि हवेचा नमुना असेल तर कोळशाची डबी लावली होती का.